निखाऱ्यांवरचा हात

कोर्दोबातल्या अंगणात दर रविवारी मांस जाळीवर ठेवण्याआधी आन्सेल्मो निखाऱ्यांवर उघडा तळहात धरून धग जोखायचा. अलीकडे तो हात पूर्वीपेक्षा जास्त वेळ तिथेच राहतो, हे त्याच्या बायकोने, निल्दाने, टिपलं होतं. मधुमेहाने त्याची पावलं बधिर झालीच होती. हातांचं विचारलं की तो विषय बदलायचा.

जुनी शेगडी गंजली होती. दुकानात निल्दा तापमानाचा काटा असलेली नवी शेगडी दाखवायची आणि तो दर वेळी तिला उडवून लावायचा.

"काटा बघून मांस भाजू? मग हा हात काय टाळ्या वाजवायला ठेवलाय?"

आजही हात निखाऱ्यांवर होता. "आमच्या सासरेबुवांना चटका लागतच नाही!" जावई ओरडला. मांस भाजणाऱ्यासाठी जेवणाअंती टाळ्या वाजवायची तिथली रीत; जेवायला जमलेल्या मंडळींनी त्या आधीच वाजवल्या.

मांस अजून परातीतच होतं, तरी जळका वास आला. निल्दाने धावत जाऊन त्याचा हात ओढला. तळव्यावर फोड उठले होते, आणि आन्सेल्मो ते दुसऱ्या कुणाचे असावेत तसे पाहत होता.



टाळ्या थांबल्यावर तो म्हणाला, "निल्दा, ती काट्याची शेगडी घेऊन टाकू."