दुभाषी

परदेशी साहेब बोलत होते आणि यंत्रं थांबवून कामगार तिच्या तोंडाकडे पाहत होते. साहेबांच्या भाषेतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. दुभाषी ती एकटीच. पहिल्या रांगेत तिचे बाबा होते. घरी 'बाळा' म्हणणारे बाबा कारखान्यात तिला कटाक्षाने 'मॅडम' म्हणत. साहेब आज काय सांगणार, हे तिला कालच कळलं होतं, पण तोंड उघडायची सोय नव्हती. संध्याकाळी बाबा नव्या हेल्मेटवर हौसेने नाव रंगवत होते, तेव्हाही ती मूग गिळून बसली. आता तिने एका दमात सांगून टाकलं, "हा विभाग बंद होतोय. उद्यापासून येऊ नका." बाबांनी हेल्मेट काढून त्यावरचं नाव तळहाताने झाकलं. "मॅडम, तुमची नोकरी राहील ना?" "काय म्हणतोय तो?" साहेबांनी विचारलं. ती म्हणाली, "ते माझे बाबा आहेत."