पितळी अक्षरं

सभा प्रार्थनेने सुरू झाली. मग झेंड्याला वंदन झालं, आणि मग सभागृहाच्या भिंतीवर देवाचं नाव लावण्याचा ठराव महापौर रँडल प्रूइटने चर्चेला घेतला.

अमेरिकेत, टेनेसीतल्या कोल्टर्स बेंडमध्ये महापौरपद हे महिन्यातल्या एका सोमवारचं काम आहे. बाकीचे दिवस प्रूइट टायर विकतो आणि रविवारी चर्चमध्ये दानाची ताटली फिरवतो.

टेबलावर सफरचंदांच्या खोक्यात, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली पितळी अक्षरं होती. 'आमचा देवावर भरवसा आहे.' देशाच्या प्रत्येक नाण्यावर असतं तेच वाक्य, फक्त वीतभर उंचीचं. अक्षरं दिली होती यूडोरा स्टॅम्प्सबाईंनी. आपली रविवारची टोपी सोमवारी घालून त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

"हं, पीटर, कर सुरुवात," त्या म्हणाल्या.

अर्ध्या गावाला बायबल त्यांनीच शिकवलं. प्रूइट शाळेत असताना ईस्टरच्या नाटकात बाईंनी त्याला येशूचा शिष्य पीटर केला होता. काम छोटं होतं. येशूला धरून नेल्यावर, कोंबडा आरवायच्या आत, विचारील त्याला तीनदा सांगायचं, 'मी त्या माणसाला ओळखत नाही.' तिसऱ्या वेळी प्रूइटला असा हुंदका फुटला, की पडद्यामागचा कोंबडा ताटकळत राहिला. तेव्हापासून बाईंच्या तोंडी तो पीटरच.

गावाचे वकील लॅटिमर यांनी दुपारीच सगळ्या सदस्यांना पढवून ठेवलं होतं. "पलीकडच्या गावाने हेच केलं, भाषणात देवाचे आभार मानले, आणि सरकारी भिंतीवर धर्म आणला म्हणून ते कोर्टात हरलं. खर्चापायी आगीचा बंब विकावा लागला त्यांना. आपलं वाक्य म्हणजे परंपरा. देव मनात आणायचा नाही. आलाच, तर इतिवृत्तात येऊ द्यायचा नाही."

प्रूइटने कागद वाचला. "सदर वाक्याला कोणताही धार्मिक अर्थ नाही, अशी या सभेची धारणा आहे."

सदस्यांनी माना डोलावल्या. त्यांतल्या एकाच्या तोंडून सवयीने 'आमेन' निघालं. ते नोंदवू नये, असं वकिलांनी कारकूनबाईंना सांगितलं.

आता नागरिकांची पाळी. प्रत्येकाला तीन मिनिटं, अंडी उकडायच्या घड्याळावर. विरोध करायला कोणी आलंच नव्हतं. गावातला एकुलता एक नास्तिक मासे धरायला गेला होता. मागच्या रांगेत डेनिस कोबल होता, पण तो पुढच्या विषयासाठी आला होता. शेजारणीने बंदी असूनही गावच्या हद्दीत कोंबडा पाळला होता, आणि कोबलने त्याचा पुरावा फोनमध्ये भरून आणला होता.

बाई उठल्या.

"मी पाठिंबा द्यायला आले होते. पण अर्थ नाही म्हणजे काय रे?"

"धार्मिक अर्थ नाही, बाई. वारसा आहे आपला."

"त्यात देव लिहिलाय ना?"

"लिहिलाय. पण तो... तसा नाही."

"मग कसा? कुठला देव हा?"

वकिलांचं पेन टेबलावर टकटकलं. "अमुक असा कुठलाच नाही," प्रूइट म्हणाला.

"म्हणजे आपला नाही."

"इतिवृत्तापुरतं... नाही, बाई."

मागे कोणीतरी खोकलं. बाईंनी टोपी सारखी केली.

"रँडल," त्या म्हणाल्या. प्रूइटने मान वर केली. या नावाने त्यांनी त्याला कित्येक वर्षांत हाक मारली नव्हती. "या भिंतीखाली तूच बसणार. ते वाचशील तेव्हा तुला कोण आठवणार?"

प्रूइटने वकिलांकडे बघितलं. वकिलांनी कारकूनबाईंच्या टायपिंगकडे बघितलं.

"बाई, बाहेर विचारा ना. गाडीपाशी विचारा, तिथे सांगतो."

"मी इथे विचारतेय."

घड्याळ टिकटिकत होतं. प्रूइटने खोक्याकडे पाहिलं, मग पहिल्या रांगेकडे.

"इथे माझी त्याची ओळख नाही, बाई."

घड्याळ वाजलं.

"बरं," बाई म्हणाल्या. "अक्षरं ठेवून घ्या. नुसतं पितळच असेल, तर कुठेही ठोका."

त्या बसल्या. ठराव पाच विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. वकिलांनी प्रूइटच्या पाठीवर थाप मारली. "झकास! कोर्टात यावर बोट ठेवायला जागा नाही."

"पुढचा विषय," प्रूइट म्हणाला.

कोबल तरातरा पुढे आला. "भाषण करत नाही. हे ऐका फक्त," म्हणाला आणि त्याने फोन माइकला लावला.

सभागृहातले स्पीकर नवे होते. कोंबडा असा आरवला, की छताखालचा झेंडासुद्धा हलल्यासारखा वाटला. लोक हसले. पहिल्या रांगेतून बाई प्रूइटकडे नुसत्या बघत होत्या.

प्रूइटने पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"पुन्हा लावू का?" कोबलने विचारलं. "दुसरा याहून स्पष्ट आहे."

"नको," महापौर म्हणाला. "ऐकू आलं."