बर्नाडेट मावशीची ताटली

पॉलीनने बेकरीचा खोका उघडला तो गाडीच्या डिकीआड, सगळ्यांकडे पाठ करून. पण टेसने पाहिलंच. टेसच्या नजरेतून काही सुटलंय असं त्या घरात कधी झालेलं नाही.

"आई! विकतच्या?"

"हळू बोल."

"विकतच्या कुकीज! ताईच्या लग्नात! अगं, अख्खं यंग्सटाउन हसेल आपल्याला."

"टेस, तोंड मीट आणि ताटली धर."

टेसने ताटली धरली. तोंड मिटणं काही जमलं नाही. "कुणाच्या नावावर खपवणार आहेस या?"

क्रीम भरलेल्या, पिठीसाखरेने माखलेल्या नळीसारख्या कुकीज पॉलीन एकेक करून ताटलीत रचत राहिली. सगळ्या एका लांबीच्या, एका जाडीच्या. घरच्या अशा कधी होतात का?

पलीकडे कुरणात उद्याचं लग्न उभं राहत होतं. नवऱ्यामुलाच्या मित्रांनी जुन्या फळ्यांची बाकं ठोकली होती आणि आता त्यांवर बसून ती डुगडुगतात म्हणून एकमेकांना शिव्या घालत होते. शेजारच्या शेतावरची बाई बादल्या भरभरून फुलं उतरवत होती. डुक्कर भाजणारा आपली लोखंडी भट्टी सपाट जागी बसवत होता. आणि नवरी, म्हणजे टेसची ताई कोरिन, शिडीवर चढून दिव्यांची माळ झाडाला बांधत होती. तिच्या केसांत पानं अडकली होती.

अक्रोडाच्या झाडाखाली कुकीजचं लांब टेबल होतं. इकडे केक नसला तरी लग्न लागतं, या टेबलाशिवाय नाही. घरातल्या आणि शेजारच्या बायका आठवडाभर भाजतात आणि प्रत्येक ताटलीपुढे भाजणारीच्या नावाची चिठ्ठी लागते. पाहुणे आधी चिठ्ठी वाचतात, मग कुकी उचलतात. नवऱ्याकडची बाजू आत्ताच भरून वाहत होती. नवरीच्या बाजूला पॉलीनचं एक ताट आणि मग नुसतं पांढरं कापड.

कारण बर्नाडेट मावशी. लग्न चर्चमध्ये नाही तर माझ्या कुकीजही नाहीत, असं तिने ईस्टरच्या जेवणावरच जाहीर केलं होतं. आणि थोरली बहीणच नाही म्हणाली की बाकीच्या दोन मावश्यांचे ओव्हनही गारच राहतात.

पॉलीनने ताटली पांढऱ्या कापडावर ठेवली. खिशातून चिठ्ठी काढून पुढे उभी केली. बर्नाडेट.

"आई, नको ना," टेस म्हणाली. आता मात्र खरंच हळू.

"एक दिवस कोरिनला वाटू दे, मावशीने पाठवल्या म्हणून. एकच दिवस."

"आणि तिने खाऊन बघितली तर?"

"उद्या तिच्या घशाखाली काही उतरणार आहे का?"

तेवढ्यात खडीवर गाडी वाजली. दोघींनी वळून पाहिलं आणि पॉलीनचा हात चिठ्ठीकडे गेला, पण उशीर झाला होता. बर्नाडेट मावशी पर्स छातीशी धरून सरळ त्यांच्याकडेच येत होती. तिला पाहून कोरिनही शिडीवरून उतरली आणि धावत आली.

"शेवटचं सांगायला आले," मावशी म्हणाली. "फादरना पुन्हा विचारलं मी. लग्न इथे लावा, पण सकाळी आशीर्वादाला तरी या म्हणाले. मी गाडी घेऊन येते हवं तर."

"नाही, मावशी. आम्ही दोघांनी ठरवलंय. मनात श्रद्धा नसताना मला तिथे खोटं उभं राहायचं नाही. पण तू इथे ये. तू आलीस की..."

कोरिन थांबली. तिला ताटली दिसली होती. तिने चिठ्ठी वाचली आणि तिचा चेहरा असा उजळला की टेसने मान फिरवली.

"मावशी! तू केल्यास?"

मावशीनेही चिठ्ठी वाचली. एक नळी उचलली, मोडली, नाकाशी धरली.

"याला लोण्याचा वाससुद्धा नाही," ती म्हणाली. "या माझ्या? पॉलीन, माझ्या नावावर या?"

पॉलीन कापडाची सुरकुती सरळ करत राहिली.

"ते मी चुकून ठेवलं," टेस म्हणाली. "चिठ्ठ्यांची अदलाबदल..."

"गप गं," कोरिन म्हणाली. रागाने नव्हे. तिने आईकडे पाहिलं. मग ताटली उचलून खोक्यात रिकामी केली आणि खोका टेसच्या हातात दिला. "बाकं ठोकणाऱ्यांना वाटून टाक. सकाळपासून उपाशी आहेत."

रिकामी ताटली तिने परत चिठ्ठीमागे ठेवली.

"चिठ्ठी काढ," मावशी म्हणाली.

"नाही. ही तुझी जागा आहे."

"रिकाम्या ताटलीपुढे माझं नाव? दोनशे माणसं येणार. काय म्हणतील?"

"विचारतील मला. मी सांगेन, मावशीची जागा आहे." कोरिनचा आवाज फाटला, तरी तिने वाक्य पुरं केलं. "तू नाही आलीस तरी ती दुसऱ्या कुणाला देणार नाही."

बाकांकडे कुणीतरी धप्पकन पडलं आणि सगळे हसले. कोरिन पुन्हा शिडीकडे गेली.

मावशी ताटलीकडे बघत उभी राहिली. तळाशी पिठीसाखर तशीच सांडलेली होती. तिने पर्समधून रुमाल काढला, त्याचं टोक जिभेने ओलं केलं आणि ताटली पुसायला घेतली. आधी तळ, मग काठ, मग मागची बाजू. उजेडात तिरकी धरून पाहिली, पुन्हा पुसली.

"उद्या येशील?" पॉलीनने विचारलं.

मावशीने ताटली चिठ्ठीमागे नीट मधोमध ठेवली, पर्स मिटली आणि कुणाकडेही न बघता गाडीकडे चालू लागली.