स्वरूपाच्या जागी

दिल्लीबाहेर, मानेसरला नोकरी लागली म्हणून स्वरूपानं बँड सोडला आणि तिच्या जागी तिचीच मैत्रीण केतकी गायला लागली. पहिल्याच कार्यक्रमानंतर लोक म्हणाले, पोरगी चांगली गाते, पण हा तो बँड नव्हे. केतकीला ते फार लागलं. स्वरूपाची जुनी रेकॉर्डिंग्ज ऐकून तिनं एकेक हरकत घोटून घेतली.

प्रॅक्टिस दिल्लीतच, मयूर विहारला सुधन्वाच्या घरी असायची. त्या रविवारी दुपारी केतकीचं गाणं संपलं आणि सुधन्वानं गिटार खाली ठेवली.

"यार, बिल्कुल स्वरूपा! आता खरा आपला बँड वाटतोय."

"खरंच?" केतकीनं विचारलं. तेही स्वरूपाच्याच आवाजात.

सुधन्वा हसला. "आता नक्कल पुरे."

"मी नक्कल करत नाहीये," ती म्हणाली. ती खाकरली, पाणी प्यायली, मग तिनं पुन्हा बोलून पाहिलं. आवाज तोच येत होता.

तेवढ्यात तिच्या आईचा फोन आला. तिनं घाईघाईनं स्पीकर लावला.

"आई, ऐक ना..."

"कोण, स्वरूपा? अगं, केतकीला दे ना फोन."

"आई, मीच केतकी!"

आई हसली. "चेष्टा पुरे गं. राहू दे, आलीच बघ ती."

पलीकडे दार उघडल्याचा आवाज आला.

"केतकी, फोन कुठे विसरलीस?" आईनं विचारलं.

"प्रॅक्टिसला राहिला, आई," दारातून उत्तर आलं.

तो केतकीचा आवाज होता.