गच्चीवरची शाळा

"रव्याचं ताट खिडकीपाशी नको. तिकडं भिंतीकडं ठेवा," सारिका म्हणाली.

मोनालीनं ताट उचललं. ताटात बारीक रवा पसरायचा आणि पोरीनं त्यात बोटानं अक्षरं गिरवायची, असा बेत होता. त्याला उजेड लागतो. पण रस्त्याकडची ती एकुलती एक खिडकी कायम बंदच.

"वारं येतं का, वहिनी?"

"वारं न्हाई. उगं कुणीबी बघत बसतं."

गच्चीवरच्या खोलीत कोण आणि कशाला बघत बसेल, हे मोनालीला उमगलं नाही. या घरात न उमगणाऱ्या गोष्टींना तोटा नव्हता.

मोनाली दौंडची. डी.एड. होऊन चार वर्षं झाली, नोकरीचा पत्ता नव्हता. सारिकानं मोबाईलवर कुठंतरी घरच्या घरी चालवलेली शाळा बघितली, तशीच खोली लावून द्यायला आणि शिकवायला हिला बोलावलं. विद्यार्थिनी एकच, सहा वर्षांची अपेक्षा.

"माझ्या नणंदेची पोरगी," सारिकानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. "शितल तिचं नाव. सणसवाडीला कामगारांची मेस चालवती. तिला पोरीकडं बघायला सवड कुठली?"

खोली मात्र झकास जमत होती. टोमॅटोचे रिकामे क्रेट आडवे रचून पोरीच्या हाताला येतील असे कप्पे केले. एकात मोजायला चिंचोके, एकात मणी आणि दोरा, एकात खडू. शब्दपट्ट्यांना जाड कागद हवा होता, तर सारिकानं कॅलेंडरांचा गठ्ठाच आणून टाकला. त्यांवर तिच्या नवऱ्याचा, सत्यजीतचा, हात जोडलेला फोटो. मागच्या निवडणुकीत त्यानं विरोधातल्या भैरूचा अर्ज तिसऱ्या अपत्यावरून बाद करवला आणि घाम न गाळता सरपंच झाला. प्रचाराची कॅलेंडरं तशीच पडून राहिली.

"कापा खुशाल. मागनं कोरं हाय," सारिका म्हणाली.

मोनालीनं सरपंचांचे चार तुकडे करून पाठीवर क, ख, ग, घ लिहिलं. तिला त्यात जरा मजाच वाटली.

पण दिवस जातील तसा डोक्यातला गुंता वाढायला लागला. सारिकाची दोन पोरं, सुरज आणि हृतिक, टाय लावून पिवळ्या बसनं इंग्रजी शाळेत जात. अपेक्षाला मात्र समोरची जिल्हा परिषदेची शाळासुद्धा बंद. तिथली घंटा वाजली की रव्यातलं तिचं बोट थांबायचं. मोनालीनं कप्प्यावर चिकटवलेली तिच्या नावाची चिठ्ठी दुसऱ्या दिवशी गायब झाली. तिनं पोरीचा फोटो काढला, तो सारिकानं समोर उभं राहून पुसायला लावला. 'माझे कुटुंब' हा तक्ता तर भिंतीला लागलाच नाही.

"तेवढा नको."

"का हो? पहिला धडाच तो असतो."

"नको म्हणलं ना, मॅडम."

आणि वर पहारा. शिकवणी सुरू झाली की सारिका मेथीची जुडी घेऊन उंबऱ्यात बसायची, तास संपेपर्यंत हलायची नाही. पोरगी काही दाखवायला उठली की क्षणभर घुटमळायची आणि मग म्हणायची, "मामी, हे बघ." भीती बसलीय पोरीला, मोनाली मनात म्हणायची. तिला मनापासून राग येत होता. आपल्या पोरांना बस आणि टाय, परक्या पोरीला चिंचोके!

एप्रिल संपता संपता तिला राहवलं नाही.

"वहिनी, जूनमध्ये हिला पहिलीत घालू या. समोर तर शाळा आहे."

"पुढच्या वर्षी बघू. इलेक्शन होऊन जाऊ द्या."

"तिच्या शाळेचा आणि इलेक्शनचा काय संबंध?"

"घरात माणसांचा राबता असतो. माझ्यानं सगळं व्हत न्हाई."

"तुमच्या पोटची असती तर ठेवली असती का अशी गच्चीवर कोंडून?"

सारिकाचे हात थांबले. पाला आणि देठ एकत्रच पदरात गोळा करून ती खाली निघून गेली.

लागलं मनाला, लागू दे, असं मोनालीनं ठरवलं. मामी दाद देत नाही तर आईलाच गाठायचं. समोरच्या शाळेतून तिनं प्रवेशाचा फॉर्म आणला आणि रविवारी स्कूटी काढून सणसवाडी गाठली. मेस सापडायला वेळ लागला नाही.

शितल पोळ्या लाटत होती. मोनालीनं नाव सांगितलं, काम सांगितलं आणि मग वाटेत जुळवत आणलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं.

"ताई, राग मानू नका. तुमची परिस्थिती असेल, पण पोरगी दुसऱ्याच्या दारात टाकून चालतं का? तिला नावाची चिठ्ठीसुद्धा लावू देत नाहीत तिथं. घंटा वाजली की तिचं तोंड बघवत नाही. तुम्ही फक्त हा फॉर्म भरा, बाकी मी बघते."

शितलचं लाटणं हातातच राहिलं.

"वहिनीनं धाडलं का तुमाला?"

"नाही. त्यांना पत्ताच नाही."

"दादाला?"

"त्यांना कशाला विचारायचं? आईचा हक्क पहिला."

शितलनं गॅस बारीक केला, हाताचं पीठ पदराला पुसलं आणि फॉर्म गुडघ्यावर घेतला.

"कवातरी कुणीतरी लिवायलाच पायजे व्हतं," ती म्हणाली. "द्या पेन."

तिनं सावकाश, एकेक अक्षर कोरत फॉर्म भरला आणि नजर न उचलता परत दिला. मोनालीनं तो वाचायला घेतला. मुलीचं नाव, अपेक्षा. जन्मतारीख होती, गावही होतं. त्याखाली, आईच्या नावासमोर, शितलनं लिहिलं होतं: सारिका सत्यजीत कुदळे.