दोन बोटं

राजेंद्र नगरच्या चौकात स्कूटरवरून पडलेल्या पोरीची नाडी न बघताच अ‍ॅम्ब्युलन्सवाल्या पीयूषने तिच्या तोंडावर चादर ओढली होती. पोरगी तेव्हा जिवंत होती. आज कोर्टात निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही आणि तो सुटला.

घरी येताच त्याने लाडात बायकोचं मनगट धरलं. "सोनल, तुझी नाडीच लागत नाहीये!"

"मजाक पुरे हं. पेढा खा."

त्याने स्वतःचं मनगट चाचपलं. तिथेही काहीच लागेना. हसू मावळलं.

पाळण्यात बाळ भुकेने रडत होतं. तो तिकडे वळताच त्याचा चेहरा बघून सोनल आडवी आली. गर्दी हटवावी तसं त्याने तिला बाजूला सारलं आणि इवल्या मनगटावर दोन बोटं टेकवली.

"बहनजी, बच्चा नहीं रहा," तो ड्यूटीवरच्या आवाजात म्हणाला, आणि रडणाऱ्या तोंडावर दुपटं ओढून कडा घट्ट खोचू लागला.