विसाव्या मिनिटाचा प्रश्न

फळ्यावर पाच आकडे लिहून झाले होते. सहावी ओळ रिकामी होती आणि पेन तिच्या हातात होते.

पॉडकास्ट काढणाऱ्या त्या कंपनीत सहाच कार्यक्रम उरले होते. मंदीत जाहिरातदार एकेक करून गळाले होते. जो एक टिकला होता, त्याचा ॲपवरच्या आकड्यांवर विश्वास नव्हता. कार्यक्रमाचे भाग संगणकही आपोआप उतरवून घेतात, माणसे किती ऐकतात ते सांगा, असे त्याचे म्हणणे होते. म्हणून व्यवस्थापकाने आठवडाभर ॲपवरचे आकडे आणि अभिप्राय बंद ठेवले. प्रत्येक निवेदकाने सोमवारच्या भागात, विसाव्या मिनिटाला, श्रोत्यांना एक साधा प्रश्न विचारायचा, उत्तरे स्वतःच्या फोनवर मागवायची आणि त्यांची संख्या आज सर्वांसमोर लिहायची, असे ठरले. एकच कार्यक्रम चालू राहणार होता.

ती पूर्वी रसायनशास्त्र शिकवत असे. तिच्या कार्यक्रमात दर आठवड्याला एक दावा प्रयोगाने तपासला जाई. या वेळी नळाला चुंबक बांधल्याने पाण्यातले क्षार घटतात का, ते तपासले होते. घटत नव्हते. त्यानंतर तिने श्रोत्यांना विचारले होते, तुमच्या घराच्या दाराचा रंग कोणता?

उत्तरे अकरा आली. चार तपकिरी, तीन निळी, दोन पांढरी, एक करडे. अकराव्याने कळवले होते की रंग उडाला आहे, पूर्वी हिरवा असावा, पण खात्रीने सांगता येणार नाही. हे उत्तर तिला सर्वांत जास्त आवडले होते.

ध्वनिमुद्रण सांभाळणारा तिचा धाकटा दीर मात्र सकाळपासून तिच्या मागे लागला होता. तिच्या नवऱ्याचा कारखाना मार्चमध्ये बंद पडला होता आणि घर या दोघांच्याच पगारावर उभे होते. लिफ्टमध्ये त्याने शेवटचे सांगून पाहिले.

"वहिनी, अकरा जणांचा संघ होतो, श्रोतृवर्ग नाही. दोन शून्यं जोडा. कोण मोजायला बसलंय?"

"मी बसले होते. दोनदा मोजलेत."

आता तो भिंतीला टेकून उभा होता आणि तिच्याकडे पाहायचे टाळत होता. पाककृती सांगणाऱ्या बाईंनी दोन हजार तीनशे लिहिले होते. जुनी गाणी ऐकवणाऱ्याने चार हजारांच्या वर. भविष्य सांगणाऱ्या गृहस्थांनी सहा हजार आठशे लिहून, क्षणभर थांबून, शेवटच्या शून्यांतले एक खोडले आणि तिथे चार केला होता. आकडा खरा दिसावा, इतपत ज्ञान त्यांना होते.

मोजमापात चूक राहिली असेल, काही उत्तरे वाटेत अडकली असतील, असे तिच्या मनात आले. शक्य होते, पण त्याला पुरावा नव्हता.

तिने अकरा लिहिले.

कोणीतरी खोकला दाबला. भविष्यवाले गृहस्थ आपुलकीने पुढे झुकले. "ताई, घाईत शून्य राहिलं का एखादं?"

"नाही. एवढेच आहेत."

दिराने गळ्यातला हेडफोन काढला आणि त्याची वायर सावकाश गुंडाळायला घेतली.

व्यवस्थापक उठला. कुणाला आकडा बदलायचा आहे का, असे त्याने प्रत्येकाकडे वळून विचारले. कुणालाच नव्हता. तिलाही त्याने विचारले. तिने मान हलवून नकार दिला. तो काही वेळ फळा वाचत राहिला.

"सोमवारचा भाग," तो म्हणाला, "आम्ही प्रत्येक कार्यक्रमाच्या बाराच नेहमीच्या श्रोत्यांना ऐकू दिला होता."